तोल शाबूत, दम गायब!

सायकल एकदा आली की जन्मभर विसरत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. दहा-वीस वर्षांनी सायकलवर पुन्हा टांग टाकणारा माणूस पहिल्या शंभर मीटरमध्ये खूश होतो आणि पहिल्या चढावर हबकतो. पाय आपोआप पॅडलवर पडतात, हँडल डगमगत नाही, वळणावर अंग बरोबर झुकतं... आणि दोन किलोमीटर होतात न होतात तोच छातीचा भाता सुरू होतो, मांड्या भरून येतात.

मग शरीराच्या लक्षात काय राहिलं आणि ते विसरलं काय? हे ज्याला उमगतं त्याची सायकल पुढे चालू राहते. ज्याला उमगत नाही त्याची पंधरवड्यात पुन्हा जिन्याखाली जाते. कधी कधी तर तेवढ्यावर भागत नाही. प्रकरण गुडघ्यावर, कमरेवर किंवा थेट हृदयावर शेकतं.

सायकलवर वाढलेलं गाव

जबलपूरसारख्या शहरात हा प्रश्न घरोघरचा आहे, कारण हे गावच मुळी सायकलवर वाढलेलं. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिलेली खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, १९६९ची व्हेईकल फॅक्टरी... पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढाच बाहेर पडायचा. हँडलला जेवणाचा डबा, कॅरियरला वाटेत घेतलेली भाजी. इंजिनियरिंग कॉलेजची पोरं सायकलवर, होम सायन्स कॉलेजच्या मुली सायकलवर.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या गावाचं मराठीशी नातं आहे. इथल्या मराठी घरांतही वडिलांची चोवीस इंची काळी सायकल असायचीच. सीटवर बसून पाय पोचत नाहीत म्हणून मुलं नळीखालून पाय घालून ती शिकायची. इथल्या हिंदीत त्याला ‘कैंची’ म्हणतात. गुडघे फोडून घेत कैंची शिकलेली ती पिढी आज पन्नाशी-साठीत आहे.

मधल्या काळात लुना आली, स्कूटर आली, मग मोटरसायकल आणि मोटारही आली. सायकल मागे पडत गेली. पिढ्यानपिढ्या ओळखीच्या असलेल्या अ‍ॅटलस सायकलींचा साहिबाबादचा कारखाना २०२०च्या ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद झाला. आता सायकल संपली म्हणावं, तर डुमना रोडवर आणि ग्वारीघाटाच्या वाटेवर पहाटे हेल्मेट घातलेले चाळिशी-पन्नाशीचे चेहरे दिसतात. कुणाला डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलेलं असतं, कुणाची मुलं शिक्षणाला पुण्याला गेल्यामुळे सकाळ मोकळी झालेली असते, तर कुणाला नुसतीच जुनी हौस परत आलेली असते.

त्यांच्यासमोर उदाहरणंही मोठमोठी आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. अशा बातम्या वाचल्या की अंगात वारं भरतं. नवी गिअरची सायकल घरी येते आणि पहिल्याच रविवारी थेट भेडाघाट गाठायचा बेत ठरतो. कॉलेजात असताना जाऊन येत होतोच की!

घोटाळा होतो तो इथेच.

शरीराच्या दोन वह्या

शरीर दोन वेगवेगळ्या वह्यांमध्ये नोंदी ठेवतं असं समजा. पहिली वही कौशल्याची. तोल सांभाळणं, पॅडल फिरवणं, ब्रेक किती दाबायचा याचा अंदाज या साऱ्या गोष्टी मेंदूच्या आतल्या भागांत, विशेषतः छोट्या मेंदूत, पक्क्या बसतात. त्या आठवाव्या लागत नाहीत, आपोआप घडतात. शाळेत पाठ केलेली कविता विसरेल, पण हा तोल विसरत नाही. मदनमहालजवळचा बॅलन्सिंग रॉक जबलपूरकरांना ठाऊक आहे. खालच्या खडकावर जेमतेम टेकलेली ती शिळा २२ मे १९९७च्या भूकंपातही हलली नाही. माणसाच्या अंगात मुरलेला सायकलचा तोलही तसाच चिवट असतो.

दुसरी वही ताकदीची. तिच्यातल्या नोंदी मात्र पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. व्यायाम थांबला की काही आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण कमी होतं, हृदय एका ठोक्यात पूर्वीइतकं रक्त फेकू शकत नाही, स्नायूंमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा आक्रसते. पंधरा-वीस वर्षांत तर ही वही जवळजवळ कोरी होते.

परत सायकलवर बसणाऱ्याचा घात होतो तो पहिल्या वहीवर विश्वास ठेवून दुसरीचा हिशेब केल्यामुळे. तोल वीस वर्षांच्या पोराचा असतो, म्हणून दमही तेवढाच असेल असं वाटतं. नव्याने शिकणारा निदान भीत भीत चालवतो. परत येणाऱ्याला ती भीतीच नसते.

जबलपूरचा भूगोल या फसगतीला हातभार लावतो. नर्मदा शहराच्या सखल अंगाला आहे. त्यामुळे ग्वारीघाट असो, तिलवाराघाट असो की भेडाघाट, जाताना एकूण उतार लागतो आणि सायकल वाऱ्यासारखी पळते. ‘अजून आहे बरं का दम!’ असं वाटतं. घाटावर चहा होतो, नर्मदेला हात जोडले जातात. मग परतीचा रस्ता सुरू होतो, आणि तो चढाचा असतो. ऊन वर आलेलं, पाय संपलेले आणि घर अजून कितीतरी लांब. बऱ्याच जणांच्या दुसऱ्या सायकलपर्वाचा शेवट याच चढावर होतो.

तीन आठवडे आणि तीस वर्षं

मग गेलेला दम परत येतो का? या प्रश्नाचं उत्तर देणारा एक विलक्षण प्रयोग अमेरिकेतल्या डॅलस शहरात झाला. १९६६ साली वीस वर्षं वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे बिछान्यावर झोपवून ठेवण्यात आलं. उठणं नाही, चालणं नाही. तीन आठवड्यांनी तपासलं तर शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता, म्हणजेच आपल्या भाषेतला दम, पाव हिश्शाहून अधिक घटली होती.

खरी गंमत पुढेच आहे. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आलं. आता ते पन्नाशीचे झाले होते, वजनं वाढलेली होती, अंगावरची चरबी दुप्पट झाली होती. पण दम? तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, ते त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्यापेक्षा कमीच निघालं!

मग त्यांना सहा महिने चालणं, हलकं धावणं आणि जागच्या जागी चालवायची सायकल असा व्यायाम दिला गेला. सुरुवात अगदी थोडक्याने झाली आणि वाढवत वाढवत तो आठवड्याला साधारण साडेचार तासांवर नेला गेला. सहा महिन्यांनी पाहिलं तर त्यांचा दम विसाव्या वर्षी, झोपून राहण्याआधी, जेवढा होता तिथवर परत आला होता. वजन मात्र फारसं घटलं नव्हतं. रोज काट्यावर उभं राहून निराश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. काटा हलत नसला तरी आत हृदयाचं काम सुधारत असतं.

पाच माणसांवरचा प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण त्यातून दोन गोष्टी कळतात. वयापेक्षा बसून राहणं जास्त नडतं, ही पहिली. आणि शरीर गेलेलं परत देतं, पण हप्त्या-हप्त्याने देतं, ही दुसरी. डॅलसच्या मंडळींना सहा महिने लागले. आपण सहा दिवसांत वसुली करायला निघतो.

सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा सायकल

फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांची गोष्ट या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. जन्म १९११चा. तरुणपणी सायकलची आवड होती, पण उंची जेमतेम पाच फूट. ‘तुझ्यासारख्या बुटक्याला शर्यती जिंकणं जमायचं नाही,’ असं त्यांना सांगण्यात आलं. पुढे आगीच्या बंबावर नोकरी, परदेशात नाना उद्योग, असं करत आयुष्य निघून गेलं. सदुसष्टी गाठल्यावर त्यांनी पुन्हा सायकल हाती घेतली. शंभरी ओलांडल्यावर, २०१२ साली, त्यांनी एका तासात २४ किलोमीटरहून अधिक अंतर कापून आपल्या वयोगटात विक्रम केला. दोन वर्षांनी, १०२व्या वर्षी, तोच विक्रम मोडून ते जवळपास २७ किलोमीटरवर गेले.

म्हणजे शंभरीनंतर त्यांचा वेग वाढला होता! त्या काळात त्यांचा सराव फ्रेंच संशोधक व्हेरोनिक बिया यांच्या देखरेखीखाली चालला होता. तपासण्यांमध्ये त्यांच्या दमात सुमारे १३ टक्क्यांची वाढ दिसली. हा सराव कसा होता? वर्षाला सुमारे ५,००० किलोमीटर, आणि त्यातला ८० टक्के भाग आरामात, न धापलता. जोर लावायचा तो फक्त उरलेल्या २० टक्क्यांत. २०२१ साली, १०९व्या वर्षी, मार्शां यांचं निधन झालं. सगळ्यांनाच असं आयुष्य मिळतं असं नाही. पण त्यांचं ८० आणि २० हे प्रमाण कुणालाही उचलता येईल.

आधी सायकलची तब्येत

जिन्याखालची जुनी सायकल काढायची असेल तर ओल्या फडक्याने पुसून हवा भरली की झालं, असं नसतं. बरीच वर्षं उभ्या असलेल्या सायकलच्या टायरला बारीक भेगा पडतात, ट्यूब चिकटते, ब्रेकची रबरं दगडासारखी कडक होतात, वायर गंजते. उतारावर ब्रेक लागला नाही तर शाबूत तोलाचाही उपयोग नाही. म्हणून आधी ओव्हरहॉलिंग करून घ्यावं. टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं आणि वायर बदलावी, चाकांतलं जुनं ग्रीस काढून नवं भरावं, चेनला तेल द्यावं, रिमची ‘आउट’ काढून घ्यावी.

नवी घेणाऱ्यांनी जाड टायरची, शॉकअपवाली सायकल दिसायला दणकट म्हणून उचलू नये. डांबरी रस्त्यावर ती जड चालते. मध्यम रुंदीचे टायर, चढासाठी हलका गिअर आणि आपल्या उंचीला साजेसा सांगाडा, एवढं पुरे.

सर्वांत महत्त्वाची सीटची उंची. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय असते. गुडघेदुखीचं ते एक मोठं कारण. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी. पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात किंचित बाक राहतो, तोच योग्य.

पहिले सहा आठवडे

चाळिशी ओलांडलेल्यांनी, त्यातही रक्तदाब, मधुमेह, सिगारेटची सवय किंवा घराण्यात हृदयविकार असेल तर, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. याला भित्रेपणा म्हणत नाहीत.

त्यानंतर पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. सपाट रस्ता आणि वेळ पहाटेची. अंतर मोजू नये, घड्याळ पाहावं. वेग योग्य आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. गिअर हलका ठेवून पॅडल भरभर फिरवावं. जड गिअर रेटण्यात मर्दुमकी वाटते, पण तिची किंमत गुडघे मोजतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अर्धा-पाऊण तास करावा. पाचव्या-सहाव्यात एक दिवस तासाभराचा. नदीकडे जायचं असेल तर अर्ध्याहून जास्त ताकद परतीच्या चढासाठी राखून ठेवावी. मधला एक दिवस विश्रांतीचा हवाच, कारण स्नायू सायकलवर दमतात आणि घडतात ते विश्रांतीत.

सुरुवातीला काही दुखणी होतातच. बूड दुखतं, पण दोन-तीन आठवड्यांत त्याला सवय होते. तळहाताला मुंग्या आल्या तर अंगाचा भार हँडलवर जास्त पडतो आहे असं समजावं. मांड्या दोन दिवस दुखल्या तर चालेल. गुडघ्यात कळ मात्र चालवून घेऊ नये. आधी सीटची उंची तपासावी, तरी राहिली तर थांबून दाखवावं. छातीवर दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, अंधारी, दरदरून घाम यांपैकी काहीही झालं तर तिथेच उतरून मदत मागावी. ‘घरापर्यंत तर जातो’ हा हट्ट जिवावर बेततो.

मुहूर्त शोधायचाच तर जबलपूरला तो ऑक्टोबर ते फेब्रुवारीत सापडतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा सुरुवात करणं म्हणजे स्वतःची परीक्षा पाहणं. हिवाळ्यात पहाटे धुकं असतं, म्हणून मागचा लाल दिवा, अंगात उजळ कपडे आणि डोक्याला हेल्मेट हवंच. वीस वर्षांपूर्वीचा रस्ता आणि आजचा रस्ता यांतही फरक पडला आहे. गाड्यांची संख्या आणि वेग दोन्ही वाढले. आपला तोल जुना असला तरी रहदारी नवी आहे.

घरच्यांचं काय?

‘अहो, या वयात पडलात-बिडलात तर?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्यात काळजी असते, ती हसण्यावारी नेऊ नये. कुठल्या रस्त्याने जाणार, कधी परतणार हे सांगून निघालं, खिशात फोन आणि नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवली, की ती काळजी निम्मी होते.

पण घरातल्या दुसऱ्या सायकलचं काय? कॉलेजला सायकलवर जाणारी कितीतरी मुलगी लग्नानंतर उतरली ती उतरलीच. नवरा पन्नाशीत ‘सायकलिस्ट’ होतो आणि तिच्या वाट्याला पहाटे पाचचा चहा येतो. तिच्याही शरीराच्या पहिल्या वहीत तोल तसाच लिहिलेला आहे, तोही जोडीने बाहेर काढता येईल. २०१८ साली इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांचा अभ्यास झाला, त्यात ४१ स्त्रिया होत्या. वर्षानुवर्षं नियमित सायकल चालवणाऱ्या या मंडळींचे स्नायू वयामानाने टिकून होते आणि रोगप्रतिकारशक्तीच्या काही खुणा तर तरुणांसारख्या होत्या. एक मात्र ध्यानात ठेवावं. सायकलने हृदय बळकट होतं, हाडं नव्हे. शरीराचा भार सायकल पेलते, त्यामुळे हाडांना हवा तो ताण मिळत नाही. चाळिशीपुढच्या बायकांनी, आणि पुरुषांनीही, जोडीला चालणं, जिने चढणं किंवा थोडी वजनं उचलणं ठेवावं.

परत येणाऱ्याला कुणाशीच शर्यत लावायची नसते. पण तो हरतो बहुधा एकाच माणसाकडून, त्याच्याच वीस वर्षांपूर्वीच्या पोराकडून. त्या पोराला मागे टाकायची घाई सोडली की बाकीचं सोपं आहे. आधी घराभोवतीचे सपाट रस्ते, मग ग्वारीघाट, मग तिलवारा. भेडाघाटचा धुआंधार काही पळून जात नाही. सहा महिन्यांनी तिथे पोचून, पाणी पिऊन, परतीचा चढ बोलत बोलत चढता आला, की दुसरी वहीही पुन्हा भरू लागली असं समजावं.